नकाशातली दलदल

प्रिय दादा,

तुझा खोकला कसा आहे? वहिनी देईल ते औषध नाक मुरडत का होईना, घेत जा. माझा गुडघा कुरकुरतोय, त्याचं कारण पुढे येईलच.

यादवीतल्या त्या लढाईवरच्या तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, म्हणून तू नकाशा पुन्हा काढायला सांगितलास. नकाशा-कचेरीत माझी हयात गेली, पण ते रणांगण मी कधी पाहिलंच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी तू सांगत गेलास आणि मी रेघा ओढत गेले. डाव्या बगलेला टेकडी, तिच्यावर हे आणि यांची साठ माणसं. मागे पूल, पुलाशी तुझी राखीव पलटण. मधे दलदल. यांनी आठ वाजता कुमक मागितली, चिखलातून पलटण जाऊ शकली नाही, दुपारी टेकडी पडली. एकही परतला नाही. दलदलीच्या निळ्या रेघा काढताना मी रडत होते आणि तू पाठीवरून हात फिरवत होतास.

गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आले. पुलापासून टेकडीपर्यंत काठी टेकत, दोनदा बसत, मला पस्तीस मिनिटं लागली. दलदल कुठली, सगळा कातळ. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो हसलाच. त्याच्या आजोबांनी पहारी मोडून शेवटी विहिरीचा नाद सोडला होता म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि ते वाकडं अंगण तुला मी काढून दिलं! सैनिकी शाळेतली पोरं आजही परीक्षेत लिहितात, की मागे दलदल असताना टेकडी धरून बसणारा अधिकारी मूर्ख होता. माझ्या नवऱ्याला मी माझ्या हातांनी मूर्ख ठरवलं.

पलटण का हलली नाही, ते पुलावर उभी राहिल्यावर कळलं. तुझी परतीची वाट त्याच पुलावरून होती. टेकडी पडली तेव्हा तू नदीपार पोचला होतास. घाबरलो होतो म्हणाला असतास, तर मी आदळआपट केली असती, पण माफही केलं असतं. तू चिखल सांगितलास.

आजवर प्रत्येक नकाशा आधी तुला दाखवला. हा कालच परस्पर छापखान्यात दिला. टेकडी, पूल, पलटण, वेळा, सगळं जिथल्या तिथे आहे. मधे फक्त कातळ दाखवलाय. हे तुला पुस्तक उघडल्यावर कळू नये, म्हणून हे पत्र. पूर्वी नकाशाखाली मी माहेरचं नाव घालायचे. या वेळी यांचं घातलंय.

तुझीच, अजून तरी,
धाकटी