शब्द पुरवायचा नाही

ला शो, ४ मार्च

प्रिय बाबा,

हे पाकीट आईच्या हाती पडलं तर तिने ते न फोडता तुला द्यावं, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुझ्या दुसऱ्या लेकीच्या, मारितच्या लग्नाला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू एकदाही फोनवर आला नाहीस. मी विचारते, आई म्हणते, अगं बोटीवर गेलाय. दीड वर्ष कुणी बोटीवर नसतं, बाबा.

मी इथे डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरी राहते. जूनमध्ये गवत कापायला तीन आठवड्यांसाठी आले होते, खोली आणि जेवणाच्या बदल्यात काम. ही पोर कुठे टिकते, असं तू म्हणशील. मलाही तसंच वाटलं होतं. चौतीस गाई आहेत. त्यातली एक माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही आणि त्याचं कारण फार मजेशीर आहे, पण ते राहू दे, नाहीतर मुद्द्याचं राहून जाईल.

येताना मला फ्रेंच येत होतं ते द्राक्षमळ्यात शिकलेलं, म्हणजे निम्म्या शिव्या. पहिल्याच जेवणाला त्यातलं एक वाक्य मी घरच्या बाईंना, ओदीलला, आदराने ऐकवलं. तिचा पाव कापणारा हात थांबला. तिचा मुलगा रेजीस म्हणाला, आई, पोरीला मास्तर चांगले भेटलेले दिसतात. एकजण मात्र मोठ्याने हसला. तो ओदीलचा नवरा, एमे. त्याआधीच्या वसंतात त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. पाय सावरले, शब्द गेले. दूध दिसतं, ते दूध आहे हेही कळतं, पण तोंडातून येतं खिडकी, नाहीतर काहीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बायकोचं नाव. ओदीलला तो नुसतं 'ती' म्हणायचा. बेचाळीस वर्षांचा संसार आणि 'ती'.

त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाई दर मंगळवारी चित्रांचे पत्ते घेऊन येतात. मला फुकटात शिकवणी मिळतेय म्हणून मीही टेबलाशी बसायला लागले. एका बाजूला एकाहत्तर वर्षांचा एमे, इथल्या शेतकऱ्यांच्या चीज सोसायटीचा चेअरमन, दुसऱ्या बाजूला मी, मधे छत्रीचं चित्र, आणि दोघांनाही छत्री आठवत नाही. रेजीस दारातून म्हणायचा, आमच्या घरात दोन बाळं बोलायला लागलीत, मोठ्याचे दात मात्र पडलेत. त्या बाईंनी घराला एक नियम घालून दिला होता: अडलेल्याला शब्द पुरवायचा नाही. तो त्याचा त्याला सापडू द्यायचा. ओदीलने त्यात भर घातली, की जो पुरवेल तो त्या दिवशीची भांडी घासेल. हाच नियम मलाही लागू. मीठ मागायला मला अख्खं सूप थंड होईपर्यंत वेळ लागायचा आणि तिघांपैकी कुणी हूं का चूं करायचं नाही. सुरुवातीला रडू यायचं. तोंडापर्यंत आलेली गोष्ट दुसऱ्यांना दिसतेय आणि आपल्याला बाहेर काढता येत नाही. मग हळूहळू कळलं, कुणी घाई केली नाही की ती निघते.

हिवाळ्यापर्यंत मी पुढे गेले. एमे मागे राहिला. मी मुद्दाम चुकायला लागले तर त्याने पत्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि मान हलवली. त्याला तसली दया नको होती.

फेब्रुवारीत सोसायटीची वार्षिक सभा झाली. एकोणीस वर्षांनंतर एमे चेअरमनपद सोडत होता. सभेनंतर दुपारचं जेवण होतं, साठ माणसं असतील. त्याने उठून चार वाक्यं म्हटली, तुटक पण स्वच्छ. मग म्हणाला, आणि हे सगळं जिच्यामुळे, माझी बायको... आणि थांबला. लोक ताटाकडे बघायला लागले. कुणीतरी खुर्ची सरकवली. मला ते सहन होईना. मी म्हटलं, ओदील.

टाळ्या पडल्या. एमे खाली बसला.

घरी आल्यावर भांडी घासायला मी हात पुढे केला तर ओदील म्हणाली, राहू दे पोरी, मी घासते. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, त्याचे ओठ गोल झाले होते. मी बघत होते. आलं होतं त्याच्या तोंडात.

तीन दिवस एमे पत्ते घेऊन बसला नाही. चौथ्या दिवशी मी गोठ्यात त्याच्यापुढे उभी राहिले. माफी मागायची होती आणि बाबा, आठ महिन्यांचं सगळं फ्रेंच पळून गेलं. मी नुसतं तोंड उघडत होते. त्याला कळलं होतं मला काय म्हणायचंय. हात हलवून त्याला विषय मिटवता आला असता. त्याने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि तो उभा राहिला. गाई रवंथ करत होत्या. माझं वाक्य पुरं झालं तेव्हा त्याने मान डोलावली आणि बादली उचलली.

आता मला लिहायचं ते लिहिते. मारितच्या लग्नात तू भाषणाला उठलास आणि तिच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडकलास, तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बाबांना म्हणायचंय की... आणि पुढे मनचंच काहीतरी सांगितलं. विनोद केला. सगळे हसले, तूही हसलास आणि खाली बसलास. मला वाटलं मी तुला सोडवलं. लहानपणापासून घरात आम्ही सगळे तुझी वाक्यं पुरी करत आलो आणि त्याला प्रेम म्हणत आलो. त्या दिवशी तू मारितबद्दल काय बोलणार होतास, ते मला माहीत नाही. तिलाही नाही. मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी घरी येतेय, मारितलाही बोलावलंय. आम्ही दोघी तुझ्यासमोर बसू. तुला बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तरी आम्ही बसू.

तुझीच,
टोरुन