मोडलेल्या कानाचं पोस्टर

५ ऑगस्ट, सोमवार

इलाही सर पेटलेत! चित्रकलेच्या तासाला त्यांनी ऑलिंपिकची जुनी पोस्टर्स दाखवली. कुठे नुसता धावणारा पाय, कुठे पाच गोल आणि बाकी कोरा कागद. म्हणाले, समजा ऑलिंपिक आपल्या गावात भरतंय, त्याचं पोस्टर करा. चांगली पोस्टर्स क्रीडा दिनाला सांगलीत प्रदर्शनात लागणार, आणि एकाचं मोठं फ्लेक्स होऊन बाहेर रस्त्यावर!

सांगलीत. आमचा मल्हारदादा सांगलीतच आहे असं शेजारचा पप्पू म्हणतो. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलताना पाहिलं म्हणे.

७ ऑगस्ट, बुधवार

आज हसून हसून पोट दुखलं. सगळ्यांनी यात्रेतल्या कुस्ती मैदानाच्या फ्लेक्ससारखंच चित्र काढून आणलं! रुमानाने तर कहर केला. मध्ये सरपंच, खाली बावीस शुभेच्छुक, आणि ऑलिंपिकच्या पाच गोलांत यात्रा कमिटीच्या पाच मेंबरांची तोंडं. सरांनी डोक्याला हात लावला.

"अगं, खेळाडू कुठाय?"

"सर, जागाच उरली न्हाई."

मी तरी कुठे शहाणी. माझ्याही शुभेच्छुकांत पहिलं नाव होतं – पै. मल्हार तात्याबा. सरांनी ते वाचलं आणि कागद हळूच पालथा ठेवला. मग सगळ्यांना म्हणाले, एकच गोष्ट काढा, रस्त्यानं जाणारा थांबला पाहिजे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सुचलं! कान! पैलवानाचा, मातीत घासून मोडलेला, गाठी पडलेला. आपल्याकडे असा कान दिसला की लोक नाव विचारत नाहीत, तालीम कुठली ते विचारतात.

दादाचा कान मोडला तेव्हा तो पंधराचा होता. रात्रभर रडला आणि सकाळी गल्लीभर मिरवत फिरला! पण आता मला तो कान नीट आठवत नाही. फोटो सगळे आबांनी ट्रंकेत घातलेत.

यात्रेत दादा दोन मिनिटांत चीतपट झाला. होतात लोक! उठला, जिंकलेल्या पोराला मिठी मारली, आणि हसला. ते हसणंच आबांना झोंबलं. बापाने भर मैदानात पोराच्या थोबाडीत दिली. "माझ्या दारात पाय ठिऊ नगंस." दादा अंगाची माती न धुता गेला तो गेलाच. चार महिने झाले. फोन बंद. मला त्याची फार आठवण येते. घरात त्याचं नाव काढायचं नाही, म्हणून इथे लिहिते. दादा दादा दादा.

११ ऑगस्ट, रविवार

घरात दुसरा मोडका कान एकच – आबांचा. तेही जुने पैलवान. भीत भीत विचारलं, "आबा, जरा बसता का? शाळंचं हाय." बसले! तासभर मान हलवली नाही. बघत होते आबांचा कान, पण हाताला दादाच आठवत होता.

झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून बघितला.

"ह्यो कुणाचा?"

"तुमचाच की."

"न्हाई." कागद खाली ठेवला आणि चहा न घेता रानात गेले. आईने पदर डोळ्याला लावला.

१४ ऑगस्ट, बुधवार

कानाखाली काय लिहू? शेवटी लिहिलं – यायचं हं! सर म्हणाले, "लग्नपत्रिका आहे का ही? ऑलिंपिकला असं कोण बोलावतं?" मी म्हटलं, आम्ही असंच बोलावतो. हसले. राहू दे म्हणाले.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. राखी आणली होती. वहीत ठेवली.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

माझंच निवडलं! फ्लेक्स माझ्याच पोस्टरचं! खाली शाळेचं नाव, फोन नंबर आणि माझं नाव – क्रांती, इयत्ता नववी. घरी सांगितलं. आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग आईला विचारलं म्हणे, "सांगलीत कुठल्या रस्त्याला लावणार?"

२९ ऑगस्ट, गुरुवार

सरांबरोबर सांगलीला गेलो. माणसाएवढा कान! लोक थांबत होते, फोटो काढत होते. मी दिवसभर फ्लेक्सपाशीच उभी. प्रदर्शन पाहिलंच नाही. अंगाने भरलेला कुणीही दिसला की आधी त्याचा कान बघायचे. दादा आला नाही. परतताना गाडीत रुमानाने हात धरून ठेवला. खूप रडले.

आबा फाट्यावर उभे होते. "कोन भेटलं?"

"कुनी न्हाई."

पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुढे चालायला लागले.

३१ ऑगस्ट, शनिवार

मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. शाळेच्या फोनवर दादा! रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"क्रांते, दोन दिस झालं, रोज जाऊन उभा राहतोय. आबांचा कान हाय त्यो, लांबनंच वळखला. मला आबांनीच बोलावलंय न्हवं?"

मी म्हटलं, व्हय.

दादा उद्या पहिल्या गाडीने येतोय. आता घरी जाऊन आबांना सांगायचं आहे.