उपाशी वाकळा

प्रिय शिवकन्या,

अप्पाचा जयभीम. तू कानडी शाळेत शिकलीस, मराठी अक्षर तुला मीच घरी गिरवायला लावलं होतं. माझी चौथीपर्यंतची शाळा आणि आता लिहायची सवयही गेली. एखादं अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच, कानाला कळेल.

परवा फोनवर तू म्हणालीस की नवी नर्स मिळाली की इथलं सोडते आणि कायमची गावी, दुबलगुंडीला येते. मी 'बरं' म्हणालो. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा 'बरं' म्हणालो. त्या वेळी मला दुसरा शब्दच आठवला नाही. तुझी आई गेल्यापासून असंच होतंय. कुणी काही विचारलं की मी बरं म्हणतो. शेजारची शकुबाई भाकरी आणून देते, मी खातो, आणि मीठ कमी होतं का जास्त ते तिनं विचारल्यावरही सांगता येत नाही. माती दिल्यावर बायका माझ्याकडं बघत होत्या, हा माणूस रडत कसा नाही म्हणून. मलाही तेच वाटत होतं. छातीत काहीच नव्हतं. आताही नाही. डोळे चांगले आहेत, कोरडे आहेत, काळजी करू नको.

मी खातोपितो. गॅस बंद केला का ते दोनदा बघतो, मग बाहेर पडल्यावर पुन्हा येऊन बघतो. कुलूप ओढून बघतो. शेळी शकुबाईच्या गोठ्यात बांधलीय, पण दावं सैल वाटतं म्हणून तिथंही एक चक्कर होते. शकुबाई म्हणते, "अण्णा, शेळी माझ्या घरात हाय, तुमी तुमच्या घरात ऱ्हावा की." तुझी आई असती तर हसली असती. उन्हाळा कडक आहे. समोरच्या रुद्रम्माच्या दारातला लिंब तेवढा हिरवा आहे. तुझ्याकडं आता थंडी सुरू होईल. आपल्या पावसाळ्यात तुमच्याकडं डोंगरावर बर्फ पडतं, हे तू सांगितलंस तेव्हा तुझ्या आईला खरं वाटलं नव्हतं.

तुला आठवतं ना, तू जाताना किती बोलणी खावी लागली. बीदरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलीस तोवर ठीक होतं. पण त्याच मिशनच्या ओळखीनं आफ्रिकेतल्या लेसोथोत, ख्रिस्ती लोकांनी चालवलेल्या अनाथ लेकरांच्या घरात जाते म्हणालीस आणि गल्लीत सुरू झालं. पोरगी बाटली म्हणाले. मलाही भीती वाटली होती. आपण बाबासाहेबांचे, ते येशूचे. जेवायच्या आधी ते प्रार्थना म्हणतात तेव्हा तू काय करतेस, हे मी तुला फोनवर विचारलं होतं. तू म्हणालीस, डोळे मिटून लेकरं मोजते. तुझ्या आईला ते इतकं आवडलं की महिनाभर येईल त्याला सांगत होती.

तिनं तुला मात्र एकच विचारलं होतं. "पोरं रातीला पांघरतात काय?" कुणीतरी दिलेली जुनी कांबळी आहेत, पुरत नाहीत, एकाखाली दोघं झोपतात, असं तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी ती वाकळा शिवायला जुनी लुगडी मागत गल्लीत फिरली. रुद्रम्मानं आपलं नेसूचं इरकलच दिलं, म्हणाली, "घे अक्का, ह्याची कौदी घाल. माझ्या नातवंडांना काय, त्यांना दुकानातलंच पायजे." शकुबाईनं साड्या दिल्या आणि टोमणाही दिला. "लगीन न करता तुझ्या शिवीला लेकरं लई झाली की गं." तुझी आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "व्हय, आन बाळंतपण एकाचंबी मला करावं लागलं न्हाई." मग सगळ्याच हसल्या आणि सगळ्याच टाके घालायला बसल्या. तेव्हापासून आपल्या गल्लीत त्या लेकरांना शिवीची पोरं म्हणतात. कुणाकडं जुनं लुगडं निघालं की शिवीच्या पोरांना ठेव म्हणतात.

वाकळ पुरी करायची रीत तुला ठाऊक आहे. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत ज्वारीचे चार दाणे ठेवायचे, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. वाकळ उपाशी असली तर पांघरणाऱ्यालाही ऊब लागत नाही, असं तुझी आजी म्हणायची. तुझ्या आईनं प्रत्येक वाकळीचं पोट भरलं. आपल्याच रानातली शाळू ज्वारी होती. ती परक्या देशात जाणार म्हणून दाणे निवडून घेतले होते. मग हुमनाबादला शिवराजच्या दुकानातून, तो परदेशात सामान पाठवतो तिथून, गठ्ठा गेला.

पुढचं तू परवा सांगितलंस. गठ्ठा वाटेतल्या बंदरावर उघडला, कोपऱ्यांत धान्य सापडलं, बाहेरचं बी चालत नाही म्हणून त्यांनी सगळ्या वाकळा जाळून टाकल्या. आणि तू आईला सांगत राहिलीस की पोचल्या, पोरं पांघरतात, लाल इरकली वाकळीसाठी पोरींची भांडणं होतात. तू म्हणालीस, आईशी शेवटपर्यंत खोटं बोलले, मातीलाही आले नाही, आता त्या पोरांना झोपवताना त्यांच्या अंगावर काही घालायला माझा हात उचलत नाही. तुला रडू आवरत नव्हतं. मी काय म्हणालो असेन? बरं म्हणालो.

शिवकन्या, तुझ्या आईला माहीत होतं.

एकदा तू फोन फिरवून पोरांची खोली दाखवलीस. पोरं गाद्यांवर उड्या मारत होती. एक जण फोनला नाक लावून आत बघत होता. तुझी आई त्याच्याशी मराठीतच बोलली, "नाक पूस रं आधी," आणि तोही काहीतरी बोलला. पण ती बघत होती मागं. सगळ्या गाद्यांवर करडी कांबळी होती. लाल काही नव्हतं, हिरवं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "न्हाई पोचल्या. कामून खोटं बोलायलीय ही?" मी म्हणालो धुवायला टाकल्या असतील. 

दुसऱ्या दिवशी तिनं मला घेऊन हुमनाबाद गाठलं. शिवराजला तिनं विचारलं नीट, रागानं नाही. त्यानं विचारलं, आत खायचं काही घातलं होतं का? तिनं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. बिचारा म्हणाला, "अक्का, आधी बोलायचं की." परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. गावाजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्याच दाण्यानं जळल्या." मग उतरताना मला बजावलं, "तिला कळू देऊ नका आपल्याला म्हाईत हाय म्हनून. लेक आईसाठी खोटं बोलायलीय. बोलूंद्या." म्हणून फोनवर तू इरकली वाकळीची भांडणं सांगायचीस आणि ती विचारायची, मग कुणाला मिळाली? तू रोज नवं नाव सांगायचीस. त्या नावांची वाट बघत ती बसायची. ते बोलणं तिला गोड लागत होतं. त्याचं ओझं तू घेऊ नको.

आणि ती पुन्हा शिवायला लागली. दुखणं सुरू झालं तरी अंथरुणावर बसून टाके घालायची. गल्लीतल्या सगळ्यांनी पुन्हा दिलं. रुद्रम्माकडं इरकल उरलं नव्हतं, तिनं सुनेचं मागून आणलं. कसं मागितलं ते विचारू नको, दोघी अजून नीट बोलत नाहीत. या वेळी दाणे घालायचे नाहीत, हे तुझी आई स्वतःला मोठ्यानं सांगायची.

तरी मला धीर नव्हता. शिवराजकडं न्यायच्या आधी मी एकेक वाकळ मांडीवर घेऊन चारी कडा बोटांनी चाचपल्या. एकीच्या कोपऱ्यात दाणे लागले. शेवटच्या दिवसांतली असेल, हाताच्या सवयीनं घातले असतील. उसवून काढले. चिमण्यांना टाकावे म्हणून अंगणात गेलो आणि मूठ मिटून तसाच उभा राहिलो.  शकुबाई आली, तिनं मूठ उघडली नाही, नुसती मला घरात घेऊन गेली.

हे पत्र त्याच वाकळांच्या घडीत ठेवून पाठवतोय. शिवराजनंही सगळ्या तपासल्यात, धुऊन उन्हात वाळवल्यात, या वेळी अडणार नाहीत असं तो म्हणतो. तरी मला काळजी आहेच. बघशील तर प्रत्येकीचा एक कोपरा उघडा आहे. विसरून राहिलेला नाही, तिनंच सांगून ठेवलं होतं, "ह्यांचं पोट तिथं भरंल." तुमच्याकडंही लाल दाण्याची ज्वारी पिकते, पोरं तिच्या आंबवलेल्या कण्या खातात, असं तू मागं म्हणाली होतीस ना, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. तिथलीच ज्वारी घे. प्रत्येक पोराला त्याच्या हातानं त्याच्या वाकळीत दाणे घालायला लाव आणि कोपरे तू शिव. तुझ्या आईचं एवढं काम राहिलंय आणि ते इथं येऊन होणार नाही. मी बरं म्हणालो होतो ते धरू नको. माझं चाललंय, शेळी आहे, शकुबाई आहे. येशील तेव्हा भेटायला ये, राहायला नको. आणि शिवून झालं की सुया आठवणीनं डबीत ठेव, पोरांच्या अंथरुणात एखादी राहायला नको.

तुझाच,
अप्पा