गादीच्या पलीकडची सुई

धाकट्या, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण निदान तेवढे तरी माझ्याशी बोलतात.

गाद्या शिवायचं काम भरपूर आहे. पलीकडून सुई ओढायला तू नाहीस, म्हणून प्रत्येक टाक्याला मीच वळसा घालून जातो. गिऱ्हाईक हसतं, "काका, गादी शिवताय की फिरायला निघालाय?" मी सांगतो, भाऊ येतोय माझा.

परवा आपल्याकडचा ट्रकवाला भेटला. म्हणाला, "तो कशाला येतोय? त्यानं तिकडेच गाद्यांचं दुकान थाटलंय कधीचं." मी त्यालाच खोटं पाडायला गेलो आणि तोंडघशी पडलो.

आता घर सोडून इकडे कुणीच येत नाही, हे मलाही दिसतं रे. पूर्वी या गल्लीत निम्मे लोक आपल्याकडचे होते. आता काम तिकडेही मिळतं, इथलं भाडं परवडत नाही, तुझ्या बायकोची नोकरी आहे, पोरांना आजीचा लळा आहे. राहिलास, त्याचं वाईट वाटत नाही. पण "दादा, तू पुढे हो, मी आलोच," म्हणून मला धाडलंस आणि दुकान थाटल्यावरही "येतोच" लिहीत राहिलास. तुझी खाट मी अजून रोज झटकतो.

तुझ्या धाकट्या पोरीचा खोकला गेला का?

तुझ्या दुकानात पलीकडून सुई कोण ओढतं? कुणाला ठेवलं असशील तर तसं लिही. नसेल तर मी येतो. पण लवकर कळव, आणि या खेपेला "येतोच" लिहू नकोस.

तुझा दादा