फावडे मॅनस क्रीडनला

मी बार्थोलोम्यू टूमी, वय ६८, धंदा वकिली, राहणार मिलस्ट्रीट, कॉर्क परगणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय कामातून गेले आहे. डोके शाबूत आहे आणि ते तापलेले आहे, हेही नोंदवून ठेवतो. कोणाची जबरदस्ती नाही.

१. घर, कचेरी व बँकेतील शिल्लक माझी पुतणी ईटा हिला. तीही वकील आहे आणि माझ्याहून भांडखोर आहे.

२. यूजीन लेहेनचा पत्रव्यवहारही ईटाने पुढे चालवावा. यूजीन माझा अशील. १९२१ साली बंडखोर म्हणून इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या आणि तुरुंगाच्या आवारातच पुरले. देह आईच्या ताब्यात द्या, असे मी दुसऱ्याच दिवशी लिहिले. "विनंती मान्य करता येत नाही," असे उत्तर आले. पुढे इंग्रज गेले, आपले राज्य आले. मी आनंदाने पुन्हा लिहिले. कागदावर आता इंग्रजांच्या मुकुटाऐवजी आपल्या राज्याचे चिन्ह, आपली वीणा, छापलेली होती. खालचा मजकूर तोच. इंग्रजांनी नाही म्हटले ते समजले. यांनी कोणत्या तोंडाने म्हणावे?

३. हल्ली त्या उत्तरांखाली मॅनस क्रीडनची सही असते. हा लेहेनांच्या शेजारचा. यूजीनबरोबरच पकडला गेला, वय लहान म्हणून वाचला. आता डब्लिनला मोठ्या हुद्द्यावर आहे. मागच्या ईस्टरला, हुतात्म्यांच्या स्मरणदिनी, येऊन यूजीनच्या नावाने भाषण ठोकून गेला. मी त्याला चर्चच्या दारात गाठले.

"मॅनस, यूजीनला घरी कधी आणतोस?"

"टूमीसाहेब, नियम आहेत हो. एकाला दिलं की सगळेच मागतील."

"मागू देत की! त्यांना काय आया नाहीत?"

तो मोटारीत जाऊन बसला. निर्लज्ज!

४. आमच्याकडे कबर घरचे खणत नाहीत, शेजारी खणतात. म्हणून माझ्या बागेतले फावडे मी मॅनस क्रीडनला देतो. ईटाने ते टपालाने पाठवू नये. त्याच्या कचेरीत, चार लोकांसमोर, टेबलावर ठेवावे. घेतले नाही तर पुन्हा न्यावे, घेईपर्यंत न्यावे.

५. माझ्या अंत्ययात्रेला त्याने येऊ नये. बाकी सर्वांना व्हिस्की भरपूर द्यावी.

६. यूजीनची आई हनोराबाई हिच्या नावे थोडी रक्कम लिहायला घेतली, तर ती माझ्यावरच उखडली.

"बार्टी, पैसे घेऊन काय करू मी? मला माझा पोरगा हवाय. माझे डोळे मिटायच्या आत हवाय."

या कागदावर साक्षीदार म्हणून सही मात्र आपणच करणार, असा तिचा हट्ट. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, हे मी तिला सांगितले.

"मग काही देऊच नकोस. कुठे सही करू ते दाखव."

मिलस्ट्रीट, ता. ९ नोव्हेंबर १९३८
(सही) बार्थोलोम्यू टूमी

आम्हा दोघांदेखत सही झाली :

१. (सही) फिनबार हेगार्टी, राहणार मिलस्ट्रीट. धंदा : डॉक्टर.

२. (सही) हनोरा लेहेन, राहणार मिलस्ट्रीट. धंदा : यूजीनची आई.