मंडपाखालचा व्हॉल्व्ह

प्रिय आण्णा,

तू जाऊन दोन वर्षं होत आली आणि मी आत्ता लिहायला बसलोय, रागावू नको. चौथी शिकलेल्याचा हात लवकर वळत नाही. पण काल मुकादम घरी आला, आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

हो, तोच. टेकडीवरच्या बागेत सगळ्या माळ्यांपुढं ज्यानं तुला पितळी नळांचा चोर म्हटलं. आपल्या वडलांनी डोक्यावर खडी वाहून उभारलेल्या गोल मंडपात त्यानं तुझी पिशवी उलटी केली. काय निघालं? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आणि तू? सांडलेली चटणी फडक्यात भरलीस, घरी आलास, पुन्हा टेकडी चढला नाहीस.

आता मंडपाला नवा रंग लागलाय, नवी फरशी बसलीय. पुढच्या आठवड्यात उद्घाटन, आणि वर पाणीच चढत नाही! वरच्या बागेचा व्हॉल्व्ह तू रोज संध्याकाळी बंद करायचास. त्या दिवशी सकाळी तो उघडायच्या आतच तुला कामावरून काढलं, म्हणून तो बंदच राहिला. इतके दिवस टँकरवर भागलं, आता तेही थांबलं. आणि या शहाण्यानं मंडपात मातीखाली बुजलेल्या व्हॉल्व्हच्या झाकणावरच फरशी घातली. तुझ्यासोबत यायचो म्हणून जागा ठाऊक असलेला मी एकटा उरलोय.

ओट्यावर बसून म्हणाला, "बाबूकाका, तुमाला ठाव असंल की. माझ्या नोकरीवर आलंय."

मी म्हणालो, "चोराच्या भावाला काय इचारतोस? पिशवी आनू का, झाडून बघ."

त्याचं तोंड उतरलं. लई गोड वाटलं, आण्णा, खोटं कशाला सांगू?

पण आज सकाळी टेकडीवर गेलो. तू लावलेली बकुळ शेंड्याकडून वाळतेय. तेव्हापासून एकच घोर लागलाय.

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा शिवेना. वहिनींना सांभाळू म्हणालो, तरी नाही. मग मी एका दमात दोन गोष्टी पुटपुटलो: तुझी झाडं जगवीन, आणि त्या मुकादमाला सोडणार नाही. कावळा लगेच उतरला. पण यातल्या कुठल्या शब्दासाठी? झाडं जगवली तर मुकादमाची नोकरीही वाचते!

माझा शब्द घे. त्याच मंडपात, त्याच माळ्यांपुढं, "आण्णा चोर नव्हता" असं त्यानं म्हटल्याशिवाय मी जागा दाखवणार नाही. पण बकुळ तोवर दम धरेल का? तू यातल्या कशावर राजी झाला होतास? स्वप्नात ये, नाहीतर कावळा पाठव, पण लवकर कळव.

तुझा धाकटा,
बाबू