रेघेखालची दोन टिंबं

बुधवार, १२ मार्च

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. अकरा वर्षांनी लिहायला बसले, तरी हात आधी नमस्कारावरच गेला. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीची साखर आटोक्यात आहे ना? मी बरी आहे. इथली हवा मानवते. घर दोनच खोल्यांचं आहे, पण उजेड भरपूर. सध्या बँकेत खातं उघडण्याचं काम निघालं आहे, त्यातच हा आठवडा चालला आहे.

हे गेले. येत्या रविवारी दोन महिने होतील. सकाळी दाढी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. तुला कळवलं नाही. ‘मला कशाला कळवतेस’ असं म्हणालास तर काय करायचं, म्हणून राहिलं.

खात्याचं असं आहे. निवृत्तीनंतर आम्ही इथे आलो त्याला सहा वर्षं झाली. परदेशी निवृत्तांना इथे राहू देतात, पण पेन्शन इथल्या बँकेत जमा होते हे दरवर्षी दाखवावं लागतं. खातं यांच्या नावावर होतं आणि मी यांच्या परवान्यावर. ते गेले आणि खातं गोठलं. महिनाअखेरपर्यंत माझ्या नावाचं खातं उघडलं नाही, तर मला इथून निघावं लागेल.

सोमवारी बँकेत गेले. मला इथली भाषा भाजी घेण्यापुरतीच येते, म्हणून शेजारचे मास्तर सोबत आले. ते आपल्याकडचेच, निवृत्त स्टेशनमास्तर. बोलतात फार, पण माणूस चांगला. काचेपलीकडे माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी होती. तिने पासपोर्ट घेतला, फॉर्म दिला, मी सही केली. तिने फॉर्म पाहिला, पासपोर्ट पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला.

“वहिनी, ही म्हणतेय की ही सही तुमची नाही,” मास्तर म्हणाले.

“तिच्यासमोर तर केली.”

“तेच मी म्हटलं. ती म्हणते, फॉर्मवरची तुमची असेल, पण मग पासपोर्टावरची कुणाची?”

दादा, मला एकदम आठवलं. पासपोर्टचे फॉर्म एजंटाकडे द्यायचे होते तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हे बाहेरून म्हणाले, “हात धुऊन येईपर्यंत माझी करून होतेसुद्धा.” घरातल्या सगळ्या कागदांवर माझी सही हेच करायचे. विमा, गॅस, सोसायटी, सगळीकडे. आमच्यात ती थट्टाच होती. पाहुण्यांना सांगायचे, “हिच्यापेक्षा हिची सही मलाच चांगली येते.” मीही हसायचे. माझी स्वतःची सही शाळेच्या प्रयोगशाळेतल्या हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर, तेवढीच.

यांनी केलेल्या माझ्या सहीखाली एक लांब रेघ असते आणि रेघेखाली दोन टिंबं. माझ्या सहीला काही नसतं. मी पुन्हा फॉर्म मागितला, रेघ मारली, टिंबं दिली. तीन फॉर्म वाया गेले. शेवटी त्या मुलीने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि मास्तरांशी हळू आवाजात काहीतरी बोलली.

“सही बदलून नवा पासपोर्ट आणायचा तर दोन महिने लागतील म्हणे,” मास्तर म्हणाले. “तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. गुरुवारची वेळ देतेय. तोवर हात बसवा. आता साठीनंतर सही गिरवायची म्हणजे पुन्हा बिगरीत नाव घालण्यासारखंच.”

येताना आपल्याकडच्याच एका धोब्याकडून यांचे दोन शर्ट घेतले. हे गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, “साहेबांना म्हणावं, कॉलरचा डाग गेला.” मी मान हलवली.

सही गिरवायची तर नमुने हवेत, म्हणून संध्याकाळी यांची निळी फाइल काढली. विम्याचा कागद निघाला, सोसायटीचा निघाला. त्यांच्या खाली एक टाचलेला कागद होता. आपल्या घराच्या वाटणीची नोटीस. माझ्या वतीने वकिलामार्फत तुला पाठवलेली. आई जाऊन सोळा दिवस झाले होते, त्या तारखेची. खाली माझी सही. रेघ, दोन टिंबं. मागे पोस्टाची पोचपावती टाचलेली, तिच्यावर तुझी सही. कडेला यांच्या अक्षरात बारीक लिहिलं होतं, ‘उत्तर नाही. थांबावे.’

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. खुर्चीवरचे शर्ट मांडीवर घेतले.

दादा, तो कागद मी सोमवारी पहिल्यांदा पाहिला. इथे यायचं यांच्या मनात तेव्हापासूनच होतं, आणि त्यासाठी रक्कम कमी पडत होती, एवढं मला माहीत होतं. बाकी काही नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू फोनवर म्हणालास, “कागद पाहिला. तू असं करशील असं वाटलं नव्हतं. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.” आणि फोन ठेवलास. मला वाटलं, तो इस्पितळातला कागद. आईच्या ऑपरेशनच्या संमतीचा. तू गावाला गेला होतास, डॉक्टर घाई करत होते, मी सही केली आणि आई टेबलावरच गेली. मला वाटलं, तू आईचं मरण माझ्या नावावर लिहिलंस. मलाही तसंच वाटत होतं, मग भांडणार कशावरून? यांना विचारलं तर म्हणाले, “दुःखात माणूस बोलतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आणि मला चहा करून दिला. अकरा वर्षं त्या एका सहीपायी मला धड झोप नाही, आणि तू रागावला होतास दुसऱ्याच कागदावर.

यांना आता काय विचारू? रडू आलं की ती टिंबं दिसतात. चिडून यांचा फोटो पालथा घालायला गेले, तर त्यातल्या चष्म्यावर धूळ दिसली, ती पुसून आले. चाळीस वर्षं सोबत राहिलेला माणूस एका संध्याकाळीत कुठे ठेवायचा, ते मला कळत नाही.

आणि तू. पाटीवर माझा हात धरून सही तूच शिकवलीस. “सहीखाली रेघ मारायची नाही, नावाला काठी लागत नाही,” असं म्हणायचास. ती रेघ, ती टिंबं तुला दिसली नाहीत? हे विचारायचं नव्हतं, लिहून गेलं. खोडत नाही. मीसुद्धा एकदा उलटून विचारलं नाही, की कोणता कागद.

काल दुपारी तरीही गिरवायला बसले. इलाज नव्हता. विसाव्या वेळी हुबेहूब जमली. ती नोटिशीवरच्यासारखीच दिसली. कागद फाडला आणि मास्तरांना जाऊन सांगितलं, की गुरुवारी ही सही मी करणार नाही.

“अहो वहिनी, दोन टिंबांचा तर प्रश्न! देऊन टाका.”

“नाही देत.”

“मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीवर गाड्या सोडल्या, एकही रुळावरून घसरली नाही.”

“माझी घसरली, मास्तर.”

मग ते म्हणाले, “बरं. गुरुवारी मी येतो सोबत. तुमची तुम्ही करा, पुढचं पुढे.”

तेव्हा उद्या बँकेत मी माझी सही करीन. ती चालणार नाही, हे माहीत आहे. महिनाअखेर इथून निघेन. मामेबहिणीने तिच्याकडची मागची खोली देऊ केली आहे, त्यामुळे तुझ्या पायरीचं मी विचारत नाही. वाटणीचंही काही नाही. मला त्या घरातलं काही नको होतं आणि नको आहे.

सोबत त्या नोटिशीची प्रत ठेवली आहे. तिच्यावरची सही आणि या पत्राखालची सही शेजारी ठेवून बघ. चष्मा लावून बघ.

पत्र रजिस्टरने पाठवते आहे, पोचपावतीसह. तुला काही लिहायचं नसलं तर लिहू नकोस. पावतीवर मात्र तूच सही कर, घरातल्या दुसऱ्या कुणाला करायला लावू नकोस. ती मामेबहिणीच्या पत्त्यावर परत आली, की पत्र तुझ्याच हातात पडलं हे मला कळेल.

खाली सही करते. रेघ नाही.

तुझी धाकटी